बांबूतली सुआझारा

आंबुदिवुलूच्या जंगलात आपल्याला ओळखता येणार नाही असा आवाज अजून जन्माला यायचाय, असं तुतुझाफी म्हणायचा. गावानं ते मान्य केलं होतं. न करून सांगता कुणाला? संध्याकाळी हा दारात ऊस सोलत बसलेला असायचा. डोंगरात कुठेतरी काहीतरी ओरडायचं, आणि कुणी विचारलेलं नसताना हा म्हणायचा, "बाबाकूटू. मादी आहे. पोर पाठीवर आहे." बाबाकूटू म्हणजे आमच्या रानातलं ते बिनशेपटीचं मोठं वानर. आता पाठीवर पोर आहे की नाही हे बघायला ओल्या डोंगरावर कोण चढणार? त्यामुळे तुतुझाफीचं म्हणणं आजवर कधी खोटं ठरलं नव्हतं.

त्याची बायको सुआझारा मात्र म्हणायची, "सगळ्या जंगलाचं ऐकू येतं या माणसाला. मी छपराचं बोलले की तेवढ्यापुरते कान बंद."

छप्पर गळायचं, ते नेमकं ईशान्येच्या कोपऱ्यात. घराचा हा कोपरा पितरांचा. तिकडे पाय करून झोपायचं नाही, केर लोटायचा नाही, मोठ्यानं भांडायचं झालं तर दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन भांडायचं. अशा ठिकाणी थेंब थेंब पाणी पडतं हे सुआझाराला बघवत नसे. तुतुझाफी म्हणायचा, "पितरांची काही तक्रार नाही. तू कशाला त्यांच्या वतीनं बोलतेस?" आणि ऊस सोलायचा.

गेल्या लवंगांच्या हंगामात सुआझारा तापानं गेली. तिची लुगडी बहिणींनी वाटून घेतली, भांडी मुलीनं नेली. तुतुझाफीनं एकच वस्तू मागून ठेवून घेतली. तिचा पाण्याचा बांबू. आमच्या बायका नदीवरून बांबूनं पाणी आणतात. माणसाहून उंच बांबू घ्यायचा, आतले पडदे वरून दांडा घालून फोडायचे, तळाचा तेवढा शाबूत ठेवायचा, आणि भरून खांद्यावर टाकायचा. पुरुष ही कामं करत नाहीत. सुआझाराचा बांबू खांद्यावर घासून घासून एका जागी तुळतुळीत झाला होता. त्या जागेवर तुतुझाफी जाता येता हात ठेवायचा. घरात कुणी नसतानाच.

तो बांबू त्यानं ईशान्येच्या कोपऱ्यात उभा केला. गावाला वाटलं, बायकोला पितरांच्या शेजारी मान दिला. खरं कारण असं की थेंब बरोबर त्याच्या तोंडात पडायचे. छप्पर शाकारण्यापेक्षा हे सोपं होतं.

आणि मग एका संध्याकाळी, बाहेर पाऊस लागलेला, चुलीवर भात, तेव्हा घरातून आवाज आला.

"टुंक."

थोड्या वेळानं पुन्हा. "टुंक." रिकाम्या हंड्यावर कुणी बोटाच्या पेरानं हळूच मारावं तसा. जाड, गोल, सावकाश.

तुतुझाफी हसला आणि नाव सांगायला त्यानं तोंड उघडलं. ऐकायला कुणी नव्हतं हे एक. आणि नाव आलंच नाही हे दुसरं.

तो उठला. आवाज थांबला. तो बसला. "टुंक." त्यानं हंडा हलवून पाहिला, चटई उचलून पाहिली, घर खांबांवर उभं असल्यामुळे खाली वाकून डुकरं आहेत का तेही पाहिलं. डुकरं होती. पण तीसुद्धा वर बघत होती.

पुढच्या संध्याकाळी तेच. त्याच्या पुढच्याही. भात करपायला लागला. करपलेल्या भातात पाणी उकळून आम्ही पितोच, पण भाताऐवजी नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना आवाज ओळखून दाखवलेल्या माणसाला आपल्याच घरातला आवाज कळू नये, हे तो सांगणार कुणाला? सांगायचं नव्हतंच त्याला. पण कुतूहल वाईट. ते गिळलं तरी खाली जात नाही. शेवटी त्यानं युक्ती काढली. शेजारच्या साम्बूला घरी बोलावलं, ऊस हातात दिला आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "ओळख बघू, कोण?"

साम्बूनं ऐकलं. मान कलती केली. चटईवरून सरकत सरकत तो आवाजाच्या दिशेनं गेला आणि ईशान्येच्या कोपऱ्यापाशी पोचल्यावर जागीच थिजला. त्याचा ऊस हातातून पडला.

"हे या कोपऱ्यातून येतंय," तो हळू म्हणाला. "तिच्या बांबूतून."

तुतुझाफीनं पडलेला ऊस उचलून पुसला.

"तुला माहीत आहे, कोण ते?"

आता इथं तुतुझाफीनं 'नाही' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण 'नाही' हा शब्द त्यानं कधी वापरलेला नव्हता. त्यानं डोळे मिटून सावकाश मान हलवली. "माहीत आहे," तो म्हणाला.

साम्बूनं डोक्यावरची टोपी काढली, कोपऱ्याला वाकून नमस्कार केला, आणि उलट पावली घराबाहेर पडला.

सकाळी तुतुझाफी उठून दार उघडतो तो पायरीवर मधाचं पोळं, भाजलेली केळी आणि मेहुणी.

मेहुणी म्हणजे कालावेलू. सुआझाराची थोरली बहीण, अंगानं भक्कम आणि आवाजानं त्याहून. ती आत आली ती तोंड सुरू करूनच. "माझी बहीण बोलते आणि मला साम्बूच्या बायकोकडून कळतं! तुझ्याशी काय बोलणार ती? तू कधी ऐकलंस तिचं?"

तुतुझाफीनं सांगायचा प्रयत्न केला की तसं काही नाही. पण तसं नाही तर कसं आहे, हे कुठे त्याला माहीत होतं? कालावेलूनं बांबूसमोर बसकण मारली. दोघी बहिणींचा एका उखळावरून अबोला झाला होता. आईचं उखळ कुणाचं, यावरून. कालावेलूनं ते नेलं आणि सुआझारा मरेपर्यंत बहिणीच्या दारात गेली नाही.

"रागावलीस का गं अजून?" कालावेलू आता अगदी खाली आलेल्या आवाजात म्हणाली.

बांबू गप्प.

"उखळ परत आणते. मग तर झालं?"

"टुंक."

कालावेलू उठली, पावसात घरी गेली, आणि ते लाकडाचं उखळ चिखलातून एकटी लोटत लोटत घेऊन आली. मदत करायला गेलेल्या दोघांना तिनं हाकलून लावलं. उखळ चुलीशेजारी बसवलं, त्याच्या कडेवर डोकं टेकून रडली, डोळे पुसले आणि म्हणाली, "साबुकंदाचा पाला आण. आता आणलंच आहे तर कुटते."

त्या दिवसापासून तुतुझाफीच्या घराची धर्मशाळा झाली. दुपार कलली की माणसं यायची. येताना रिकाम्या हातानं कसं यायचं? कुणी धुरावलेला मासा आणायचं, कुणी फणस. बांबूला प्रश्न विचारायचे. एक टुंक म्हणजे हो, गप्प म्हणजे नाही, हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण ठरलं. साम्बूनं आपला हरवलेला कोंबडा जिवंत आहे का असं विचारलं. बांबू गप्प राहिला. साम्बूनं सुस्कारा सोडला, तेवढ्यात कोंबडा घराखालून आरवला. लोक म्हणाले, सुआझाराला कोंबड्या कधी आवडत नव्हत्या, तिनं मुद्दाम सांगितलं नाही.

तुतुझाफी हे सगळं बघत होता. जेवत होता, हेही खरं. इतके महिने त्याच्या चुलीवर एका माणसाचा भात शिजत होता. आता कालावेलू पाला कुटायची, माशांचं कालवण व्हायचं, चारचौघं जेवून जायची. घरात पुन्हा बायकी आवाज होता, तोही त्याला शिव्या घालणारा. त्यामुळे अगदी घरच्यासारखं वाटायचं.

पण कान शांत बसेनात. त्याच्या एक लक्षात आलं. कालावेलू मुसळ आपटायची तेव्हा बांबू जास्त बोलायचा. मुसळ धप, बांबू टुंक. धप, टुंक. मुसळ थांबलं की थोडा वेळ टुंक, आणि मग शांत. एकदा सगळे गेल्यावर त्यानं डावाच्या दांड्यानं उखळ वाजवलं. टुंक. जरा जोरात वाजवलं. टुंकही जोरात आलं, आणि त्यात थोडा राग होता. सुआझाराला राग यायचा तेव्हा ती गप्प व्हायची, आवाज चढवायची नाही. हे तो पक्कं जाणून होता.

त्यानं स्टुलावर चढून बांबूत पाहिलं. आत काळोख. जळती काडी धरली तर पहिल्या पडद्याच्या फाटक्या भोकापलीकडे काही दिसेना. मग एक लांब गवताची काडी हळूच आत सोडली. काडी खाली गेली, गेली, आणि अडकली. तुतुझाफीनं थोडी ढकलली. तर कुणीतरी ती आतून परत ढकलली!

तो स्टुलावरून पडला.

पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं, जनावर आहे. आणि लगेच दुसरं आलं, नसलं तर? बांबू फोडला तर कळेल. पण तो तुळतुळीत झालेला बांबू फोडायचा? कोयता हातात घेऊन तो कोपऱ्यासमोर उभा राहिला, आणि मग त्याच कोयत्यानं ऊस सोलत बसला.

कालावेलूला तरी सांगावं असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती कुटताना बहिणीला कसल्याशा जुन्या लग्नातली गंमत सांगत होती आणि एकटीच हसत होती. हा दारातून परत फिरला.

गोष्टी इतक्या पुढे गेल्यावर गावचा थोरला येणारच. दादाबे बेतियाना. गावाचं पितरांशी जे काही बोलणं व्हायचं ते यांच्यामार्फत. हातात लाल काठी, डोक्यावर गवती टोपी. त्यांनी कोपऱ्यात उभं राहून बराच वेळ ऐकलं, मधाचा नमुना चाखला, आणि निवाडा दिला. मेलेलं माणूस आपल्या वस्तूतून हाक मारतं, म्हणजे त्याला ती वस्तू हवी आहे. बांबू थडग्यावर पोचवायचा. आणि पितरांना दिलेल्या वस्तूचा तळ फोडूनच द्यायचा असतो, म्हणजे ती जिवंत माणसाच्या कामाची राहत नाही. शनिवारी.

"तळ फोडायचा?" तुतुझाफीनं विचारलं.

"रिवाज आहे."

"दादाबे, ती हाक मारत नसेल तर?"

"मग कोण मारतंय?" दादाबेंनी विचारलं. "तू तर साम्बूला म्हणालास, माहीत आहे."

सगळं घर त्याच्याकडे बघायला लागलं. तुतुझाफी उसाची सालं गोळा करायला लागला. त्याला आतून एकच वाटत होतं. सुआझारानं खरंच हाक मारली असती तर ती बांबूसाठी मारली नसती. छपरासाठी मारली असती. पण हे बोलायचं म्हणजे वर चढावं लागलं असतं.

शनिवार उजाडला तो पाऊस घेऊनच. घरात मावतील तेवढी माणसं आत, बाकीची दारात. उसाच्या दारूचा हंडा मध्ये. तुतुझाफी बांबूला टेकून बसला होता, तुळतुळीत जागा पाठीशी धरून. चेहरा असा की कुणी त्यालाच थडग्यावर पोचवणार आहे.

दादाबे कोपऱ्यात उभे राहिले. लगेच टोपीवर एक थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं नाही. पितरांशी बोलताना इकडेतिकडे बघत नाहीत. दारूचं पहिलं भांडं त्यांनी सुआझाराच्या वाट्याचं म्हणून बांबूच्या तोंडाशी नेलं, तर तुतुझाफीनं उभं राहून बांबूच्या तोंडावर पंजाच ठेवला.

"दादाबे, ती पीत नव्हती."

"कोण म्हणतं?" कालावेलू म्हणाली. "चांगली प्यायची. उखळाच्या भांडणाआधी, तू डोंगरात गेलास की आम्ही दोघी बसायचो. ओत गं म्हणायची, तो आवाज ओळखतो, वास नाही ओळखत."

दारातून खसखस पिकली. तुतुझाफीनं मेहुणीकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि बायकोबद्दल नवीन काही कळायची जागा ही. पण पंजा त्यानं हलवला नाही. "आता नाही पीत," तो म्हणाला. दारू त्याच्या हातावरून खाली गेली आणि दादाबेंनी रिवाज झाला असं धरलं.

मग पितरांची नावं सुरू झाली. प्रत्येक नावाला लाल काठी लाकडी जमिनीवर आपटायची. दादाबेंनी पहिलं नाव घेतलं. ठक.

"टुंक."

माणसं पुढे सरकली. दुसरं नाव. ठक. टुंक, आता जोरात. तिसरं. ठक. टुंक टुंक टुंक! तुतुझाफीच्या पंजाखाली काहीतरी गार, ओलं आणि अतिशय चिडलेलं धडका द्यायला लागलं. त्यानं हात काढून घेतला.

बांबूच्या काठावर एक बेडूक आला. अंगठ्याच्या पेराएवढा. तपकिरी, भिजलेल्या सालीसारखा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. त्यानं सगळ्या गावाकडे एकदा पाहिलं, त्यातला वैरी कोण ते ठरवलं, आणि उडी मारली ती सरळ लाल काठीवर. चकत्या टेकत टेकत तो वर चढला, दादाबेंच्या मुठीशी पोचला आणि गळा फुगवून ओरडला. बाहेर आल्यावर त्याचा आवाज बारीक झाला होता. "टिंक. टिंक. टिंक."

तुतुझाफीनं कपाळावर हात मारला. हा आवाज त्याला लहानपणापासून ठाऊक होता! पावसात झाडाच्या प्रत्येक ढोलीतून येतो. इतका की तो सांगायच्याही लायकीचा नाही. माणसाएवढ्या बांबूच्या तळात बसून त्या टिचभर प्राण्यानं हंड्याचा आवाज काढला होता, एवढंच.

"बेडूक आहे," तो म्हणाला.

"मला दिसतोय," दादाबे ओठ न हलवता म्हणाले. काठी हलवायची सोय नव्हती.

कुणी हसेना. सगळे कालावेलूकडे बघत होते. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. काठीवरचं टिंक टिंक चालूच होतं. मग ती म्हणाली, "म्हणजे उखळ मी उगाच लोटत आणलं?"

आणि हसायला पहिली तीच लागली. मग घर हललं. साम्बू तर पायरीवरून खाली डुकरांत गेला.

"उखळ घेऊन जा, ताई," हसणं ओसरल्यावर तुतुझाफी म्हणाला.

"राहू दे. तिचंच होतं ते."

पण बेडूक एवढा का चिडलाय ते कळेना. साम्बूनं बांबू अलगद कलता केला आणि तुतुझाफीनं लाकडी वाडग्यात थोडं पाणी काढलं. पाण्याबरोबर फिकट, गुबगुबीत पिल्लं आली, शेपट्या वळवळवत. बेडकानं काठीवरून वाडग्याच्या काठावर उडी घेतली आणि तिथे राखण करत बसला.

"ही आई आहे होय," साम्बू म्हणाला.

"बाप आहे," तुतुझाफी म्हणाला. "ओरडतो तो बापच. आई अंडी घालून जाते. मग हा एकटा बसून राहतो. कुठे जात नाही, फारसं खात नाही."

हे बोलून झाल्यावर तो वाडग्याकडेच बघत राहिला. इतरही बघत राहिले. कालावेलूनं उगाच चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

दादाबेंनी घसा खाकरला. ते म्हणाले, पितर कुणाचं घर मोडून भेट घेत नाहीत, त्यातून लेकुरवाळ्याचं तर नाहीच. पिल्लं परत आत सोडायची, बांबू इथेच राहील. जोवर पिल्लं आत आहेत तोवर तो कोरडा पडू द्यायचा नाही. हे सगळं त्यांनी मोठ्या गंभीरपणे सांगितलं, पण सांगताना त्यांच्या टोपीवर थेंब पडतच होते. एक नाकावर पडला तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं. त्यांच्याबरोबर सगळ्यांनी पाहिलं.

"तुतुझाफी," दादाबे म्हणाले, "पितरांच्या कोपऱ्यात छप्पर गळतंय."

"ती हेच सांगत होती," कालावेलू म्हणाली. "जन्मभर."

पाऊस उघडला त्या दिवशी तुतुझाफी छपरावर चढला. खाली उभं राहून कालावेलू कुठे पान घालायचं ते सांगत होती, आणि तो ऐकत होता. भोक बुजलं. दुसऱ्या पावसात कोपरा सुका ठणठणीत.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता बांबूत पाणी पडणार नाही.

प्लास्टिकच्या डब्यातलं पाणी त्यानं ओतून पाहिलं. बेडकानं त्याचा वास घेतला आणि काठावर येऊन बसला. तेव्हा तुतुझाफीनं नवा बांबू तोडला आणि सकाळी नदीवर गेला. भरलेला बांबू खांद्यावर कसा टाकायचा हे बायकांनी त्याला शिकवलं, म्हणजे आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग शिकवलं. घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी त्याच्या अंगावर. कालावेलू दारातून म्हणाली, "माझ्या बहिणीसाठी कधी एक वाटी आणली नाहीस. या पेराएवढ्या प्राण्यानं आठवड्यात तुझ्याकडून छप्पर काय, पाणी काय, सगळं करून घेतलं."

तुतुझाफीनं बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला. बांबू त्याच्या खांद्याला फार लागत होता. तिच्या बांबूवरची ती तुळतुळीत जागा कशी झाली असेल, हे त्याला आता कळत होतं.

पिल्लं मोठी झाली. एका संध्याकाळी भिंतीवर तांदळाएवढे बेडूक चढताना दिसले, आणि मग बांबू गप्प झाला. बापही गेला होता. कालावेलू अजून कुटायला येते, म्हणते हे उखळ इथेच बरं वाजतं. तुतुझाफी अजून रोज पाणी आणतो. कुणी विचारलं तर सांगतो, बेडकासाठी.

परवा संध्याकाळी साम्बू आला. चेहरा पडलेला, पण छाती पुढे. म्हणाला, जरा घरी चल, एक आवाज ऐकवायचाय. तुतुझाफी गेला. साम्बूच्या ईशान्येच्या कोपऱ्यात फुटका रांजण होता, त्यावर छपरातून थेंब पडत होते, आणि रांजणातून कुणीतरी अगदी भारदस्त आवाजात बोलत होतं.

"ओळख बघू, कोण?" साम्बू म्हणाला. पण तो स्वतः रांजणाजवळ जाईना. त्याची सासू मरेपर्यंत याच कोपऱ्यात बसायची.

तुतुझाफीनं डोळे मिटून सावकाश मान हलवली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "शिडी आण."